चौथ्या चेंबरची मारामारी

झाहले गावात तानियोसचा हात ज्याच्या गालावर पडला नाही, असा माणूस शोधून काढणं कठीण. स्वतःच्या लग्नात त्याने ढोलवाल्याला बडवलं, का तर म्हणे ढोल नवरदेवापेक्षा मोठ्याने बोलत होता. थोरल्या जिर्यसच्या बाप्तिस्म्याला फादर वाचले ते केवळ मध्ये पवित्र पाण्याचं दगडी कुंड होतं म्हणून. त्या पोरामुळे लोक त्याला अबू जिर्यस म्हणत, जिर्यसचा बाप. मागून काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोटासाठी तो फरश्या बसवायचा, आणि उरलेला जीव अंगणातल्या द्राक्षवेलीखाली एका जुन्या जर्मन गाडीत ओतायचा. डोंगरातल्या घाटात वर्षातून एकदा शर्यत असते. तिच्यासाठी इंजिन घरीच खोलायचं, घरीच बांधायचं. गॅरेजवाल्याचा हात लागलेलं इंजिन त्याला उष्टं वाटे.

या बांधणीतलं एक काम मात्र तो स्वतः कधी करत नसे, कारण त्याला धीर लागतो. ते करायचा त्याचा मेहुणा मल्हेम, बायकोचा, म्हणजे अदलाचा, धाकटा भाऊ. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, उलटं ठेवायचं. त्यात चार खळगे असतात. पेट्रोलचा भडका उडतो तो तिथेच. एकेका खळग्यावर, म्हणजे चेंबरवर, भोक पाडलेली काच ग्रीसने चिकटवायची आणि खुणांच्या नळीतून रॉकेल थेंब थेंब सोडत किती मावतं ते बघायचं. एखादं जास्त प्यायला लागलं तर बाकीची तिन्ही घासून त्याच्या बरोबरीला आणायची.

गेल्या वर्षी शर्यतीत ऐन चढावर इंजिन फुटलं. चौथ्या पिस्टनचा चुरा झाला, गाडी कठड्यावर आदळली आणि तानियोसच्या खांद्याचं हाड मोडलं. हाड बसायच्या आत त्याचा निकाल तयार होता: "मेहुण्याने चौथं चेंबर वाकडं घासलं. मला मारायला टपलाय!" मल्हेम दवाखान्यात बघायला आला, तर याने धड हाताने सलाइनचा दांडा उचलून त्याची दोन बोटं मोडली.

तेव्हापासून भावाने अदलाचा उंबरा ओलांडला नव्हता. ती रडली नाही. किब्बेच्या गोळ्यांसाठी मांस मात्र असं कुटायची की शेजारीण भिंतीवरून विचारायची, "आज कोणाला कुटतेयस गं?"

"नशिबाला. पण मेलं मऊच होत नाही."

यंदा तानियोसने भर गल्लीत जाहीर केलं, तेच हेड चारचौघांसमोर मोजणार. मल्हेमनेच मोजायचं. चौथं वेगळं निघालं तर त्याचा दुसरा हातही मोडणार, आणि अदलाने यापुढे माहेर विसरायचं.

"आणि सारखं निघालं तर?" अदलाने विचारलं.

"निघायचं नाही."

"मी विचारलं, निघालं तर?"

"तर येऊ दे जेवायला!" तानियोस ओरडला. कबूल करतानाही तो भांडल्यासारखाच करायचा.

रविवारी चर्च सुटल्यावर गल्ली वेलीखाली जमली. मल्हेम इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"पांढरा घातलास? रक्ताचे डाग निघत नाहीत, मेहुण्या."

"तुझ्या रक्ताचे निघतील, अबू जिर्यस. पातळच आहे ते."

लोक खूश झाले. सुरुवात तर झकास झाली.

मोजायला रॉकेल नव्हतं. तानियोसने घरी गाळलेला अरक, बडीशेपेची दारू, आणला. "नितळ आहे, आणि उरला तर वाया जात नाही," यावर वर्षभरात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. हेड अदलाने सकाळीच नळाखाली धुऊन ठेवलं होतं. पहिलं चेंबर भरलं, दुसरं, तिसरं. नळी दर वेळी एकाच खुणेवर थांबली. चौथं भरेना. खूण आली, गेली, तरी काचेखाली बुडबुडा तसाच.

"बघा!" तानियोस गरजला. "चोर! घासून घासून विहीर केली याने!"

मल्हेम तोंड उघडायच्या आत पाना त्याच्या कानशिलावर बसला. तो कोसळला तो तानियोसचे पाय धरूनच, आणि दोघे फरशीवर लोळले. मल्हेमने त्याच्या मोडून बसलेल्या खांद्यात दात रोवले. तानियोस किंचाळला आणि मेहुण्याचं डोकं फरशीवर आपटू लागला. एकदा, परत, परत. ती फरशी त्याने स्वतःच बसवलेली, त्यामुळे ती काही फुटणार नव्हती. पांढरा शर्ट लाल झाला. सोडवायला कोणी पुढे होईना. मल्हेमचे हात सैल पडले.

"थांब!" अदला टेबलापाशी उभी होती. "या भोकात दूध कुठून आलं?"

चौथ्या चेंबरशेजारी इंजिन गार ठेवणारं पाणी खेळायचं भोक होतं. त्यात पांढरंशुभ्र काहीतरी हलत होतं. अरकाला पाणी लागलं की तो पांढरा होतो, हे झाहलेत दूधपितं पोरसुद्धा जाणतं. सगळे टेबलावर वाकले. चेंबर मोठं नव्हतंच. केसाएवढ्या चिरेतून अरक झिरपून धुण्याच्या उरल्या पाण्यात मिसळत होता.

"गरम इंजिनावर गार पाणी पडलं की अशी चीर जाते, मग पिस्टनही टिकत नाही," मल्हेम जमिनीवरूनच पुटपुटला.

"शर्यतीच्या आदल्या दिवशी इंजिन उकळलं," अदला म्हणाली, "तेव्हा चिडून त्याच्यावर बादली कोणी ओतली? सांगू, की हे सगळे सांगतील?"

गल्लीला अचानक वेलीवरची पानं फार बघण्यासारखी वाटू लागली.

तानियोसने हेडकडे पाहिलं. पाना पायाने दूर सारला. मल्हेमला काखेत हात घालून उभं केलं आणि हात मागे बांधून त्याच्यासमोर उभा राहिला.

"मार."

मल्हेमने ठोसा मारला. तानियोसचा ओठ फुटला.

"हा काय हात? माझ्या सासरच्यांनी तुला जेवायला घातलं नाही का कधी?"

दुसऱ्या ठोशाला नाक मोडल्याचा आवाज वेशीपर्यंत गेला असेल. तानियोस गुडघ्यावर आला, पण हात मागेच राहिले. असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून म्हाताऱ्यांनी क्रॉसची खूण केली.

"बास," अदला म्हणाली. "तिसरा माझा." आणि तिने त्याला अशी चपराक लगावली की बाजूच्या बाईने आपलाच गाल धरला.

मग टेबलावरून हेड उचललं गेलं आणि ताटं आली. तानियोसचं नाक वांग्यासारखं सुजलेलं. घासाघासाला तो तोंडाने धापा टाकत होता. मल्हेम डोक्याला फडकं बांधून समोर बसला होता. अदला भावाला वाढत होती, आणि तो नको म्हणाला तरी वाढतच होती.