किती अंकांसाठी?

शुभावहिनीचा फोन आला तेव्हा मी सकाळचा डबा भरत होते. "माया, नंदू गेला गं," ती म्हणाली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "किती अंकांसाठी?"

 मागून तिच्या आणि नंदूच्या मुलीचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठे मला वहिनीचं वाक्य कळलं... महिना उलटून गेला, तरी ते दोन शब्द मला अजून ऐकू येतात.

नंदू माझा मामेभाऊ, माझ्याच वयाचा. मुलुंडला आमची घरं एकाच मजल्यावर. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून भाड्याने आणलेली वादळवीराची कॉमिक्स आम्ही जिन्यात बसून वाचायचो. पान उलटायचा हक्क त्याचा, कारण मी म्हणे हावरटासारखी आधी शेवट बघते. निळ्या मुखवट्याचा हा आमचा वादळवीर अधूनमधून मरायचा. पहिल्यांदा मेला तेव्हा नंदू जेवायलाच बसेना. पुढच्या महिन्यात स्वारी हजर! तेव्हापासून रीतच पडली. एकाने बातमी द्यायची, "गेला!" आणि दुसऱ्याने विचारायचं, "किती अंकांसाठी?" लग्नं झाली, मी घाटकोपरला आले, तरी फोनवर ती रीत चालू राहिली. नंदू आंघोळीला गेलेला असला, तर वहिनीच निरोप द्यायची, "तो सांगतोय, गेला म्हणून." त्या सकाळी कानांच्या आधी जीभ धावली, ती अशी.

पुढे वादळवीर टीव्हीवर आला. अंगावर चादरीसारखा झगा, पाठीची दोरी स्पष्ट दिसायची. मामी भाजी निवडत मालवणीत विचारायची, "काल मेल्लो मां हो? आज खंयसून इलो?" आम्ही हसून लोळायचो, नंदू मात्र हात जोडून बसल्यासारखा बघायचा. सिनेमा आला तेव्हा अर्ध्या टकलाचा हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून थिएटरच्या दारात उभा. "लग्नाला निघालायस काय रे?" मी विचारलं. "पहिला शो आहे. मान ठेवायला नको?" मोबाइलवर वादळवीराचा गेम निघाला, त्यात नंदू मुलीकडून रोज हरायचा आणि "वाट लावलीस यार माझ्या हिरोची" म्हणून खूश व्हायचा. यातला खरा कोणता, असं मी एकदा विचारलं होतं. "कागदावरचा. सिनेमात तो उडताना दाखवतात गं. कागदावर एका चौकटीत तो गच्चीवर असतो, दुसरीत थेट पुलावर. मधल्या पांढऱ्या पट्टीत त्याला आपणच उडवायचं असतं."

वहिनीच्या त्या फोनच्या आदल्या संध्याकाळी त्याचा आवाज माझ्या मोबाइलवर आला होता, नव्या सिनेमाची झलक बघून बेभान झालेला. "झकास आहे, माया! तिकिटं मी काढतो." सकाळी बूट घालायला खाली वाकला, तो उठलाच नाही. बीपी नाही, शुगर नाही, साधी सर्दीसुद्धा नाही. या दोन चौकटींमधल्या पट्टीत मी काय भरू?  नुसता संताप येतो...

गेल्या रविवारी वहिनीची माफी मागायची म्हणून मुलुंडला गेले. टेबलावर नंदूच्या वर्गणीचा, टपालाने आलेला वादळवीराचा नवा अंक, पाकिटासकट. "तूच उघड," ती म्हणाली. कोपरा दुमडू नये म्हणून नंदू पाकीट ब्लेडने कापायचा. मीही तसंच कापलं. मागच्या अंकात वादळवीर समुद्रात बुडाला होता, नंदूने नेहमीप्रमाणे कळवलंही होतं. आता पहिल्याच पानावर तो उभा होता, ओलाचिंब.

"एकाच अंकात?" वहिनी ओरडलीच. "याला बरा एका अंकात परत आणला!"

मला वर बघवेना. "वहिनी, त्या दिवशी मी फोनवर..."

"मला राग नाही आला गं," ती म्हणाली. "तू इतक्या सहज विचारलंस ना... मी फोन ठेवला आणि जाऊन त्याला परत एकदा हलवून बघितलं."

 मग तिने तो अंक उचलून त्याच्या कपाटातल्या चळतीवर नीट ठेवला.

"पुढचे बंद करायला सांगू?" मी विचारलं.

"नको. येऊ देत."

मी ब्लेड त्याच्या जागी, घड्याळामागे ठेवून दिलं.