दुपारी खाली जाणाऱ्या गोळ्या

मुलगी रांगायला लागली तेव्हा मी परत मैदानावर गेले, आणि महिनाभरात सगळ्यांनी माझा निकाल लावून टाकला. मी पोलीस खात्यात शिपाई. गोंदिया वेगळा झाल्यापासून आमच्या जिल्ह्याचं नेमबाजीचं पथक आटलं होतं, लांब पल्ल्याची रायफल एकच उरली होती आणि ती माझ्याकडे असायची. काम तसं सरळ. पाचशे मीटरवर कागद लावायचा, मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरला अंतर, वारा, तापमान सांगायचं. लांब जाताना गोळी खाली येते, ते भरून काढायला रायफलीवरच्या दुर्बिणीची चकती किती फिरवायची ते तो सांगतो. तेवढी फिरवायची, श्वास धरायचा आणि मारायची.

पण आता सकाळच्या गोळ्या जागेवर बसायच्या आणि ऊन चढलं की खाली जायच्या. पंजाभर खाली. कॅल्क्युलेटरचं आणि गोळीचं दुपारी जमेचना.

"बाळंतीण बाई, दुपारपर्यंत दम राहत नाई तिच्यात," असं पथकातल्या पोरांनी ठरवून टाकलं. माझ्या तोंडावर नाही बोलले, पण मोकळ्या मैदानात आवाज लांबवर जातो. असा संताप यायचा की रायफल त्यांच्याच हातात द्यावी आणि म्हणावं, मारा बाप्पा तुम्हीच. रात्री मी धड झोपत नव्हते हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते बोलणं जास्त लागायचं.

आम्हाला शिकवायला उस्ताद होते, फौजेतून निवृत्त झालेले, लाखनीकडचे. एक दिवस त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे पाय बाई, निवड चाचणी मे महिन्यात हाये, अन् तेही दुपारी. तोवर हे सुटलं त ठीक. नाई त रायफल दुसऱ्याले द्या लागन." याआधीच्या माझ्या चाचण्या सगळ्या हिवाळ्यात झाल्या होत्या. आणि एकदा हातातून गेलेली रायफल परत मिळत नाही, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

मग आम्ही एकेक गोष्ट तपासायला घेतली. अंतर टेप लावून मोजलं. बरोबर निघालं. चकती खोटं बोलते का ते पाहायला उस्तादांनी लांबलचक कागद टांगला, ओळंबा धरून त्यावर उभी रेघ मारली आणि चकती चढवत चढवत मला मारायला लावलं. भोकं जिथे चढायला हवी तिथेच चढली. नागपूरहून गोळीचा वेग मोजायचं यंत्र मागवलं, सकाळच्या गारव्यात वेग मोजला, कॅल्क्युलेटरमध्ये भरला. दुर्बिणीची उंची पट्टीनं मोजली, नळी घासून घासून साफ केली. एका सकाळी उस्ताद स्वतः आडवे झाले आणि त्यांनी अशा गोळ्या मारल्या की वाटीखाली झाकून जातील.

"रायफल झकास हाये," ते म्हणाले. त्यांना वाटलं, आनंदाची बातमी दिली. माझ्यासाठी मात्र ती आनंदाची नव्हती. प्रत्येक वस्तू चांगली निघत होती, म्हणजे वाईट निघायला आता मी एकटीच उरले होते. घरी सासू मेथीचे लाडू पुढे करायची आणि म्हणायची, "पोरीनं तुह्यातलं सारं ओढून घेतलं, खा नं माय." ती प्रेमानं म्हणायची. मी लाडू तसाच परत डब्यात ठेवायचे.

काडतुसं सांभाळायला मोहाडीचे एक हवालदार होते. सगळे त्यांना काका म्हणायचो. मोहाच्या झाडाखाली पेटी घेऊन बसायचे आणि मॅगझिन भरून माझ्या हातात द्यायचे. माझ्या हातात नेहमी मोजे, कारण त्या उन्हात लोखंडाला उघडा हात लावायची सोय नाही. काडतुसं उन्हात ठेवायची नाहीत, असं उस्तादांनी काकांना बजावलेलं होतं.

चाचणी तोंडावर आली होती. एका दुपारी काका हापशीवर गेले होते, म्हणून मीच झाडाखाली गेले. पेटी ओल्या पोत्यात गुंडाळलेली, वरून सुतळी. गाठ सुटेना म्हणून मोजे काढले, झाकण उघडलं, एक काडतूस उचललं. थंड. माझ्या पट्ट्याचं बक्कल पोळत होतं आणि हे माठात ठेवल्यासारखं थंड. मी ते मुठीत घेऊन तशीच बसले.

बारूद जितकी तापलेली, तितकी गोळी जोरात निघते. कॅल्क्युलेटरला मी हवेचं तापमान सांगत होते, चव्वेचाळीस. बारूदही तेवढीच तापली आहे असं धरून तो चकती कमी फिरवायला सांगत होता. आणि बारूद इथे पोत्यात गारेगार बसली होती, म्हणून गोळी दमानं निघून खाली जात होती. सकाळी हवाही गार, पोतंही गार, म्हणून भांडण नव्हतं.

काका बादली घेऊन आले आणि पोत्यावर पाणी शिंपडू लागले.

"काका, हे कायले?"

"आता कायले म्हणते! घरी माठाले ओलं पोतं बांधतो, टमाटरायले ओलं पोतं टाकतो, तुह्या पोरीच्या पाळण्यापाशी ओलं लुगडं टांगत नाई का? काडतुसाले ऊन नाई लागत का? तुह्याचसाठी करून राहिलो."

मी उस्तादांना हाक मारली. थर्मामीटर पेटीत ठेवला, झाकण लावलं, थांबलो. सव्वीस. बारुदीचं तापमान कॅल्क्युलेटरमध्ये वेगळं भरता येतं. ते भरलं. चकतीचा आकडा वाढला. आडवी झाले आणि मारल्या. उस्ताद आपल्या दुर्बिणीतून कागद पाहत होते.

"अजून मार."

अजून मारल्या. मग ते हसायला लागले आणि हसतच राहिले. सगळ्या मधोमध होत्या, भर दुपारी.

काकांचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच तुले खाली पाडत होतो का व?" त्यांच्यावर चिडायला हवं होतं, एरवी चिडलेच असते. पण अंगावरून एवढं ओझं उतरलं होतं की राग आलाच नाही. "काका, पोतं सुकू देऊ नका," मी म्हटलं, "चाचणी होईपर्यंत असंच ओलं ठेवा." त्यानंतर आम्ही रोज मोजून पाहिलं, पोतं ओलं असलं की पेटी दुपारभर सव्वीसवरच राहायची.

चाचणीच्या दुपारी सगळ्यांनी हीच रायफल पाळीपाळीनं चालवली. पोरांनी आधीच काढून उन्हात चटईवर ठेवलेली काडतुसं तापत गेली आणि त्यांच्या गोळ्या वर सरकत गेल्या. माझ्या जागच्या हलल्या नाहीत. रायफल माझ्याकडेच राहिली.

घरी आले तर सासू पोरीला कडेवर घेऊन दारातच उभी.

"राहिली का बंदूक?"

"राहिली."

"मंग रडून काहून राहिली?"

मला धड सांगता येईना. "सगळे म्हणत होते नं, पोर झाली अन् हिचा हात गेला म्हणून," मी म्हटलं. "नाई गेला, आई. हात नाई गेला."

सासूनं पोरीला माझ्याकडे दिलं. ती घामानं चिकट झाली होती, मला बारुदीचा वास येत होता. कूलरसमोर आम्ही दोघी अशा झोपलो की सासूनं दिवे लागल्यावर उठवलं.