टोपावरचं नाव

उत्तरा सामंत चिडल्या की आवाज चढवत नाहीत, चष्मा काढून पुसतात. मुलुंडच्या एका शाळेचं ग्रंथालय त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं आणि त्या पुसण्याला भले भले मुख्याध्यापक टरकून असत. निवृत्तीनंतर घाटकोपरच्या एका मंडळाने जुन्या संसारातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा नोंदी करायला त्यांनाच बोलावलं.

उत्तराताईंच्या वहीत एक रकाना जास्तीचा होता: वस्तूवर काय कोरलंय, कोणी, कोणासाठी. सोनूबाईंच्या पितळी टोपापुढे त्यांनी लिहिलं, 'नाव काशीराम परब. हा देणारा. गिरणीत असताना नऊ वर्षं सोनूबाईंच्या खानावळीत जेवला, कायमचा गावी जाताना टोप देऊन गेला. टोप सोनूबाईंचा.'

मग मंडळाच्या अध्यक्षांचा भाचा श्रेयस लॅपटॉप घेऊन आला. त्याने वही चाळली आणि सगळं संगणकावर चढवलं. रकाने चारच: वस्तू, धातू, वर्ष, मालक.

"वस्तूवर नाव असलं की ते मालकात टाकलंय," तो म्हणाला. "सिंपल."

"अरे, भेटीच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. घरी आईला विचार."

"ताई, सिस्टीमला एवढं नाही कळत. नाव आणि वस्तू, बस."

उत्तराताईंनी चष्मा काढला. "खूण आणि वस्तू एवढ्याने भागत नाही रे. ती खूण वाचणारं माणूस लागतं. त्यालाच तू हाकलून दिलंस. जगात काय काय असतं याची यादी करायला बसलास, आणि तुझ्या यादीत देणारा नाहीच?"

"नंतर ॲड करू ना."

नंतर! या शहराची अर्धी वाट या 'नंतर'नेच लावलीय.

प्रदर्शन संपलं. मालाडच्या सौरभ परबने आजोबांचा, म्हणजे काशीरामचा, खाली नाव लिहिलेला फोटो प्रदर्शनाला दिला होता. संगणकाने दोन्हीकडे तेच नाव पाहिलं आणि त्याला निरोप गेला, आपल्या दोन वस्तू घेऊन जा. बिचाऱ्याने सही केली आणि फोटोबरोबर टोपही नेला.

इकडे सोनूबाई रोज फोन करत होत्या. वय पंच्याऐंशी, दोन्ही डोळे गेलेले. "माझो टोप खंय गो?" एवढंच विचारायच्या. खानावळ गेली, जेवणारे गेले, राहिला होता तो हा टोप. पाचव्या दिवशी उत्तराताईंनी सह्यांचा कागद शोधून काढला, रिक्षा केली आणि थेट मालाड गाठलं.

सौरभ भला मुलगा. सगळं ऐकून ओशाळला आणि आतून टोप घेऊन आला. टोप नव्यासारखा लखलखत होता. "पॉलिश करून घेतलं, काकी. पोचाही ठोकून काढला."

उत्तराताईंनी टोप फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं, तिथे आता गुळगुळीत पितळ होतं. "मशीनवर गेलं," सौरभ पुटपुटला. "सांगायचं राहिलं माझ्याकडून." त्याच्यावर कुठे चिडायचं? त्यांचा सगळा राग लॅपटॉपवाल्याकडे वळला आणि घाटकोपर येईपर्यंत धुमसत राहिला.

आपल्या खोलीत सोनूबाईंनी टोप मांडीवर घेतला. बोटं काठाखालून फिरली, एकदा, दोनदा. मग पोचा शोधायला बुडाशी गेली. त्यांनी टोप हळूच बाजूला सारला.

"हो माझो न्हय. माझ्या टोपार काशीरामाचा नाव आसा."

उत्तराताईंनी परोपरीने सांगितलं. म्हातारीने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

जिन्यात उभं राहून उत्तराताईंनी श्रेयसला फोन लावला. "सोनूबाईंच्या टोपापुढे लिही, हरवला."

"पण ताई, टोप तर मिळाला ना तुम्हाला? सौरभने आत्ताच कळवलं."

"सांगते ते लिही," त्या म्हणाल्या. "आणि कोणी हरवला, त्याचाही एक रकाना कर. पहिलं नाव तुझं घाल."