ओळख बघू मी कोण

आमच्या गावात पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी त्याची परीक्षा घेतात. तुम्ही गाडीतून उतरून कंबर सरळ करताय तोवर समोर एक माणूस कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि म्हणतो, "वळखलंस काय? सांग बघू मी कोण?" स्वतः मात्र काही सांगत नाही. तुम्ही नाव घेईपर्यंत जागचा हलत नाही. नाहीच घेतलंत, तर शहराचं पाणी लागलं, हा शेरा तुम्हाला जन्माचा चिकटतो. मी लहानपणापासून या परीक्षेत नापास होत आले आहे. बाबा नेहमी पहिले यायचे. माणूस कितीही वर्षांनी भेटो, त्याला टक्कल पडो नाहीतर पोट सुटो, बाबा लांबूनच सांगायचे, हा कोण, कोणाचा आणि कुठला जावई.

म्हणूनच बाबांना गावी न्यायचं ठरलं तेव्हा मला पहिली आठवली ती ही परीक्षा. बाबांना काचबिंदू आहे. गेली दोन वर्षं त्यांना उजेड कळतो, समोर कोणीतरी उभं आहे एवढं कळतं, चेहरा कळत नाही. आणि ही गोष्ट गावात कळता कामा नये, आत्याला तर नाहीच नाही, असा त्यांचा हुकूम होता.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा तिला बाय म्हणतात. दोघांची आई लवकर गेली, तेव्हा बायने दुसऱ्यांच्या शेतात भाताच्या लावण्या केल्या, डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून विकल्या आणि भावाला शाळेत धाडलं. स्वतः अक्षर शिकली नाही. भावाला सरकारी नोकरी लागली, तो उरणला राहायला आला. हातात मोबाइल आल्यापासून रोज सकाळी तो बहिणीला फोनवर पेपर वाचून दाखवू लागला. "माझा भाव मना पेपर वाचून दावतो" हे तिने वाडीत सांगितलं नाही असं घर नसेल. नजर गेल्यावरही बाबांनी फोन थांबवला नाही. रात्री टीव्हीवर ऐकलेल्या बातम्या सकाळी पेपरातल्या म्हणून सांगायचे आणि मधूनमधून जुना पेपर फोनजवळ नेऊन खडखडवायचे. मी हे बघत होते आणि गप्प होते. गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही, हे घरात कोणीही सांगेल.

"कळलं तिला तर काय होईल?" असं मी एकदा न राहवून विचारलं.

"रडेल ती," बाबा म्हणाले. "मोळ्या विकून वाचायला शिकवलं मला. आता तिला काय सांगू, वाचता येत नाही म्हणून?"



पण बायने नवं घर बांधलं आणि रोज फोनवर एकच धोशा लावला, घर बघायला ये. रंग कोणता देऊ, हेही तिने बाबांनाच विचारलं होतं. बाबांनी आकाशी सांगितला होता. आता किती दिवस टाळणार? शेवटी एका रविवारी निघालो. गाडी मी चालवणार, शेजारी बाबा आणि मागे त्यांचे चाळीस वर्षांचे दोन दोस्त. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, उरणच्या मिठागरवाल्यांच्या घरातला. दुसरे निवृत्त मास्तर. दोघे बाबांच्या मदतीला येत होते, असं त्यांचं म्हणणं. खरं म्हणजे दोघांच्याही बायकांनी त्यांना एक दिवस बाहेर काढल्याबद्दल माझे आभार मानले होते.

आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस मागे बसवून गाडी चालवून बघा, म्हणजे माझं दुःख कळेल. उरण सोडताना कंटेनरच्या ट्रेलरमागे अडकलो तेव्हापासून ड्रायव्हरकाका मागून पाय दाबून ब्रेक मारत होते. वडखळपर्यंत मी सोसलं. मग गाडी बाजूला घेऊन चावी मागे धरली आणि म्हटलं, "घ्या काका, तुम्हीच चालवा."

"नको गो पोरी, बरी चालवतेस," ते म्हणाले. "फक्त ब्रेक उशिरा मारतेस."

बाबांना बाहेरचं दिसत नव्हतं, म्हणून ते सांगायचं काम दोघांनी वाटून घेतलं होतं. वाटून कसलं, दोघंही एकदमच सांगायचे. मास्तरकाका म्हणायचे, "उजव्या हाताला खाडी पसरली आहे, काठाला बगळे ध्यान लावून उभे आहेत." ड्रायव्हरकाका म्हणायचे, "खाडी हाय, पन म्होरं खड्डा हाय, दांडा धर." कार्लेखिंड आली तेव्हा मास्तरकाकांनी झाडीचं असं काही वर्णन केलं की मीसुद्धा क्षणभर वर बघितलं आणि ड्रायव्हरकाकांनी पुन्हा ब्रेक मारला. बाबा दोघांचं ऐकून घ्यायचे आणि खड्ड्यांवर जास्त विश्वास ठेवायचे.

बाबांची तयारी वेगळीच होती. परीक्षेला त्यांनी एक हमखास उत्तर शोधून ठेवलं होतं. कोणीही "वळखलंस काय" म्हणालं की म्हणायचं, "न ओळखायला काय झालं? अगदी बापावर गेलायस." माणूस खूश होतो, पुढे बोलू लागतो, आवाजावरून ओळख पटते. याची तालीम व्हावी म्हणून मास्तरकाकांच्या हट्टाखातर वाट वाकडी करून आम्ही किहीमला चहाला थांबलो. टपरीजवळ पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगल्या होत्या आणि एक गृहस्थ भाव करत होते. ड्रायव्हरकाकांनी बाबांना ढोसलं. बाबा पुढे झाले आणि प्रेमाने म्हणाले, "अगदी बापावर गेलायस."

गृहस्थ चमकले. "मला तर सगळे आईवर गेलो म्हणतात," ते म्हणाले. "तुम्ही कुठले?"

आम्ही चहा अर्धा टाकून निघालो. कांद्याच्या दोन माळा घेतल्या, त्याही भाव न करता. रेवदंड्याच्या पुलापर्यंत मास्तरकाका हसत होते. बाबा फुगून बसले होते.

पुलानंतर मात्र गाडी शांत झाली. कोर्लई गेलं, काशीदची सुरूची झाडं गेली. काशीदच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. बाबांनी खिशातून कंगवा काढून केस विंचरले, शर्टाची बटणं चाचपली आणि विचारलं, "मी समोर बघतो तेव्हा सरळ बघतो ना?"

"बघता," मी म्हटलं. जरासे डावीकडे बघतात, पण सांगवलं नाही.

गाडी बुद्धविहाराजवळ लावली. बाबा उतरले आणि माणसं जमा झाली. मी त्यांच्या कोपराला हात लावून उभी राहिले. मला थोडीफार माणसं माहीत होती, ती मी कानात सांगणार होते. एक म्हातारा सरळ चालत आला. मी बाबांच्या कानाशी वाकले.

"जय भीम भाऊ," तो म्हणाला. "मी पिंपळाखालचा. तुझ्यासंगं चौथीला व्हतो."

बाबांचा चेहरा फुलला. "अरे, तुझा आवाज तोच!" म्हणाले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. मग एक बाई आली. "जय भीम काका. मी पोष्टमनाची मधली लेक. माहेरपनाला आलेय." मग एक तरुण, "काका, मी वरच्या आळीतला, पिठाच्या गिरणीवाला." जो येई तो आधी स्वतःची ओळख देई, नीट, शाळेत हजेरी दिल्यासारखी. बाबा प्रत्येकाशी भरभरून बोलत होते. त्यांची जुनी ऐट परत आली होती. ते कोणाच्या म्हशीबद्दल, कोणाच्या जावयाबद्दल विचारत होते. मागे ड्रायव्हरकाका मला हळूच म्हणाले, "तुमच्या गावची मानसं लई सुधारली." मला मात्र ते पटेना. हे आमचं गाव नव्हतं.

बाय घरापुढच्या ओट्यावर उभी होती. घर नवंकोरं, स्लॅबचं, आणि रंग गुलाबी. साधासुधा नव्हे, लग्नातल्या बर्फीसारखा. मी मास्तरकाकांकडे पाहिलं, मास्तरकाकांनी माझ्याकडे. सांगायला उशीर झाला होता. बाबा तोंड वर करून, घराच्या जरा डावीकडे बघत म्हणाले, "वा बाय. आकाशी रंग काय शोभलाय गं!"

अंगणात पंधरावीस माणसं होती. त्यात उनाड पोरं होती, हसायला निमित्त शोधणाऱ्या बायका होत्या. कोणी हूं की चूं केलं नाही.

"व्हय," बाय म्हणाली. "शोभला. तू सांगितलास म्हनून दिला. पायरी हाय हां, दोन. उंच बांधल्यात मेल्यांनी, मी बी अडखळते."

आणि तिने खाली उतरून त्यांचा हात धरला, जणू आधार तिलाच हवा होता.

मी चहाच्या निमित्ताने तिच्या मागोमाग चुलीकडे गेले. "आत्या, तुला माहीत आहे," मी म्हटलं.

तिने भांड्यात पाणी ओतलं. "रातच्याला बातम्या मी बी ऐकते. सकाळी तुझा बाप त्याच सांगतो. पयलं म्हटलं, पेपरवालं टीवी बघून लिवत असतील. मंग ध्यानात आलं, हा मयतीच्या बातम्या सांगत न्हाय. आमच्या पेपरात दुसरं असतं काय? तवा समजले, याचं डोलं गेलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले तर तो फोन करंल व्हय?" ती म्हणाली. "घरोघर फिरून आले. सगल्यांना सांगितलं, कोनी इचारायचं न्हाय वळखलंस काय म्हनून. येयाचं आनि आपलं आपन सांगायचं. त्याला वाईट वाटंल असं कायपन करायचं न्हाय." मग माझ्याकडे बघून दटावलं, "आनि तू डोलं पूस. तो इचारंल आवाज का बसला."

मला रडू आलं होतं हे खरं आहे. थोडा रागही आला होता. दोन वर्षं मी घरात ओठ शिवून बसले आणि इथे अख्खी वाडी फितूर होती.

जेवण झालं, बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. ड्रायव्हरकाकांनी मीठ बरोबर पडलंय असा निर्वाळा दिला, जो मिठागरवाल्याच्या तोंडून मोठा समजायचा. निघताना बायने गाडीत फणसाची वाळवलेली साटं, कोकम आणि सुकट भरली. सुकटीच्या वासावर मास्तरकाकांना एकही वर्णन सुचलं नाही.

गाडी गावाबाहेर पडली तेव्हा बाबा खुशीत होते. "एकालाही कळलं नाही," म्हणाले. "बघितलंत? पैकीच्या पैकी."

आम्ही तिघंही हो हो म्हणालो, जरा जास्तच जोरात.  नांदगाव मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "पण एकानेही विचारलं नाही, वळखलंस काय म्हणून."

मग त्यांनी मान मागे वळवली.

"घर आकाशीच होतं ना रे?"

मास्तरकाका पुढे सरसावले. "म्हणजे, आकाशाच्याही छटा असतात बघ. सूर्यास्ताच्या वेळी..."

"गुलाबी," ड्रायव्हरकाका म्हणाले. "मैलावरनं दिसतंय."

 काशीदचा किनारा आला तेव्हा बाबा गाडी थांबव म्हणाले. मी सुरूच्या सावलीत थांबवली. घोडेवाले, वडापाववाले, पर्यटकांची पोरं, सगळा गलका होता. बाबांनी काच खाली केली आणि मला बायचा नंबर लावायला सांगितला. फोन स्पीकरवर होता, कारण बंद कसा करायचा ते गाडीत मला सोडून कोणाला येत नव्हतं आणि मी केला नाही.

"पोचलास?" बायचा आवाज आला.

"काशीदला आहे."

"समुद्र बघत बसलास?"

बाबांनी फोन तोंडाजवळ धरला. "न्हाय बाय. ऐकत बसलोय. मला दिसत न्हाय गं." बाबांच्या तोंडून गावची बोली मी फार वर्षांनी ऐकली.

पलीकडे एक कोंबडी ओरडली.

"ठाव हाय मना," बाय म्हणाली.

"घर गुलाबी आहे म्हणे."

"पेंटरनं डबा चुकीचा आनला. मी म्हटलं, राहू दे. ज्याला दावायचं त्याला कुठं दिसतंय." मग लगेच म्हणाली, "रडू नको. माझं रडून झालं मागल्या वर्षी. आनि आता त्या शिळ्या बातम्या बंद कर. उद्यापास्न बातम्या मी सांगन."

बाबा हसले. रडतही होते, पण हसले. मागे ड्रायव्हरकाकांनी खिडकीबाहेर तोंड केलं होतं आणि मास्तरकाकांनी चष्मा पुसायला घेतला होता, तोही माझ्या ओढणीला.

आता रोज सकाळी फोन तिकडून येतो. बाय बातम्या सांगते: कोणाची विहीर आटली, कोणाची सून रुसली, कोणाच्या होडीला काय घावलं. बातम्या संपल्या की तिच्या ओट्यावर जो कोणी चहाला बसलेला असेल त्याच्या हातात ती फोन देते, आणि तो माणूस नाव न सांगता विचारतो, "वळखलंस काय? सांग बघू मी कोण?" बाबा डोळे मिटतात, मान तिरकी करतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. परवा एका घोगऱ्या आवाजावर अडले. जरा थांबले, मग म्हणाले, "न ओळखायला काय झालं? अगदी बापावर गेलायस."

"मी हाय रं मेल्या," बाय म्हणाली.