दीड तास बाकावर

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, पण घडलं ते सांगतो.

गुंजवणे गावातल्या माझ्या चुलतीला चार दिवसांपूर्वी भात कापताना पायाला विळा लागला. जखम चिघळली. आज सकाळी ती तापात काहीबाही बरळायला लागली, हातपाय गार पडले. चुलते आणि मी जीप करून तिला हायवेजवळच्या दवाखान्यात घेऊन आलो.

काउंटरवरची बाई मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "तापच आहे ना? बसा, नंबर येईल."

चुलते म्हणाले, "अवो, ती मला वळखंना झालीया."

"सगळ्यांनाच घाई असते, काका."

दीड तास कुणी साधं बीपी बघितलं नाही. चुलती बाकावरून खाली घसरली, तेव्हा डॉक्टर धावत आले. जखमेतला संसर्ग रक्तात भिनला होता. वर डॉक्टरांनी चुलत्यांनाच झापलं, "इतका उशीर का केलात? यात एकेक तास महत्त्वाचा असतो."

चुलते हात जोडून म्हणाले, "चुकलं, सायेब."

चुलती आता पुण्यात आयसीयूत आहे. किडन्या बंद पडत चालल्यात.

त्या बाईची किळस येतेच. पण शहाण्यासारखं नंबरची वाट बघत बसलेल्या माझीही येते. तुम्ही रांग मोडून आत घुसला असता का? खरं सांगा.