तिरका रेडिएटर
ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, पण काल गॅरेज आवरताना पृष्ठभाग सपाट आहे का ते तपासायची जुनी स्पिरिट लेव्हल हाताला लागली. २००४चा हिवाळा होता. अमेरिकेत ट्रॉयमधल्या आमच्या जुन्या घराचं वाफेवरचं हीटिंग एका वयस्कर मेकॅनिकनं दिवसभर खपून दुरुस्त केलं, आणि घरभर तापल्या लोखंडाचा वास दरवळला. तो जाताच मी लेव्हल लावली, तर हॉलमधला, वाफेनं खोली तापवणारा रेडिएटर चक्क तिरका! "पकडलं की नाही!" मी आनंदानं ओरडलोच. बायको म्हणाली, "अहो, मुद्दाम ठेवला असेल." "इंजिनिअर तू की मी?" असं म्हणत मी त्याच्या पायाखाली लाकडी पाचर ठोकली आणि तो सरळ करून ऐटीत चहा प्यायलो. तासाभरात पाइप घण घातल्यासारखे दणाणू लागले. मी तावातावानं त्याच्या कंपनीला फोन केला, तसा मेकॅनिक आपल्या मालकासोबत आला. "वाफेचं झालेलं पाणी परत जायला उतार ठेवला होता मी. ही पाचर कुणी ठोकली?" मालक माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "तुम्हीच." मेकॅनिकनं पाचर काढली, पाइप शांत झाले, आणि मालकानं त्याच्याकडून व्हॅनची किल्ली मागून घेतली. पुढच्या हिवाळ्यात मी त्याच्यासाठी फोन केला, तर तो आता इथे काम करत नाही, एवढंच कळलं. "पाचर मी ठोकली होती, मला माफ करा," हे त्याला सांगायचं राहिलेलं वाक्य मला अजून पाठ आहे.