लोलोंचं खोकं शनिवारी जाणार होतं

लोलो सोमवारी गेले. दुपारी, बसथांब्यावरच्या बाकावर, मांडीवर बटाट्यांची पिशवी. त्यांचं खोकं शनिवारी जाणार होतं.

लोलो म्हणजे फिलिपिनो भाषेत आजोबा. त्यांचं नाव क्रिसान्तो. पण जर्मनीतल्या र्युसेल्सहाइममधल्या आमच्या इमारतीत बहुतेक सगळे त्यांना लोलोच म्हणत. ते चौथ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. माझा नवरा कपिल इथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. मी पुण्याहून मराठीत एम. ए. करून आलेली, म्हणजे इथे रिकामी. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात जिन्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला अडवलं.

"तुझं वजन किती?"

त्यांनीच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चालेल. वर ये. खोक्यावर बसायचंय."

मी बसले. त्यांनी खोक्याला चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि मग मला भात आणि तळलेला मासा वाढला. तेव्हापासून मी त्यांची 'अनाक', म्हणजे लेकरू.

लोलोंची बायको सत्तरच्या दशकात नर्स म्हणून जर्मनीत आली. मागून लोलो आले, तान्ह्या मुलीला, मारिविकला, घेऊन. इथल्या एका इस्पितळात त्यांनी तीस वर्षं रुग्णांच्या खाटा ढकलल्या. थोरला मुलगा नेस्तोर फिलिपिन्समध्ये, इलोइलोला, आजीकडे राहिला. वर्षभरात त्यालाही आणायचं ठरलं होतं. ते राहूनच गेलं. त्याच्याऐवजी दर वर्षी खोकं जाऊ लागलं. आधी नेस्तोरसाठी, पुढे नेस्तोरच्या चार मुलांसाठी.

जहाजाने जाणाऱ्या या खोक्याचं वजन कोणी करत नाही. झाकण लागलं की झालं. म्हणून लोलोंचा पहिला नियम : हवा पाठवायची नाही. बुटांत मोजे, मोज्यांत टूथपेस्ट, कपबशीत गोळ्या. दुसरा नियम : साबण आणि चॉकलेट लांब लांब. हा नियम एका चुकीतून आला होता. एका वर्षी दोन्ही शेजारी ठेवलं गेलं आणि नातवंडांनी साबणाच्या वासाची चॉकलेटं मुकाट्याने संपवली. जर्मन चॉकलेट असंच लागतं, असा त्यांचा समज झाला. पुढच्या वर्षी चांगली गेली, तेव्हा तक्रार आली.

सप्टेंबर लागला की लोलोंचा नाताळ सुरू. एक तारखेला बाल्कनीत कागदी चांदणी लटकायची. समोरच्या फ्राऊ केलर खिडकीतून ओरडायच्या, "हेर क्रिसान्तो, अजून अठ्ठावीस डिग्री आहे!"

"मग थंड बियर घ्या, फ्राऊ केलर! नाताळच्या शुभेच्छा!"

२०१६च्या त्या सप्टेंबरातही हे झालं. आणि बाराव्या दिवशी लोलो गेले.

मंगळवारी मी वर गेले. मारिविक जमिनीवर बसली होती. समोर खोकं, अर्धं भरलेलं.

"हे जाणार नाही," ती म्हणाली.

"शनिवारची गाडी चुकली तर नाताळला पोचणार नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पोचूच नये. गेलेल्या आजोबांचा खाऊ मुलांनी नाताळला उघडायचा?" ती खोक्याकडे बघत राहिली. "आणि तुला सांगते, माझी बाहुली पण ह्यांनी खोक्यात घातली होती. मी सहा वर्षांची. का? तर कोपऱ्यात जागा उरली होती! नेस्तोर बारा वर्षांचा. तो बाहुलीचं काय करणार होता?"

ती हसायला लागली. मग रडायला लागली. मी बटाटे धुतले.

संध्याकाळी नेस्तोरचा फोन आला. मारिविकला त्यांची भाषा अर्धीच येते, त्यामुळे भावंडं इंग्रजीत बोलतात. मला सगळं कळत होतं.

"ते बाबांनी भरलंय," नेस्तोर म्हणाला. "तुला बाबा घरात मिळाले, मारिविक. मला खोक्यातून. एवढे शेवटचे पाठव."

तिने फोन खाली ठेवला.

"आल्झो, तर मग," ती मला म्हणाली, "शनिवारी दहाला गाडी येते. तुला नियम माहीत आहेत ना?"

कपिलने लॅपटॉपवर खोक्याचा आराखडा काढला. कुठे काय बसेल, सगळं मापात. बुधवारी आम्ही तसं भरलं. वर चार बोटं जागा उरली.

"हवा!" मारिविक ओरडली. अगदी लोलोंच्या आवाजात. आम्ही तिघंही दचकलो.

"आराखडा बरोबर आहे," कपिल म्हणाला.

"तुझा आराखडा तिकडे कोणाला घालायचाय? काढ सगळं बाहेर."

गुरुवारी फ्राऊ केलर स्वतः विणलेले चार लोकरी मफलर घेऊन आल्या. इलोइलोत, जिथे पंखा बंद केला की घाम फुटतो. मारिविकने त्यांना मिठी मारली आणि मफलरांनी ती चार बोटं भरून काढली.

राहिला एक बुटांचा जोड. लोलोंनी तीन घेतले होते. धाकट्या नातीचा, तेसाचा, राहिला होता. तिच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवून घेतलेल्या मापाचा कागद खोक्याच्या कडेला खोचलेला सापडला. जानेवारीतला. शुक्रवारी तो घेऊन मी दुकानात गेले.

"माप?" विक्रेतीने विचारलं.

मी कागद काउंटरवर ठेवला.

लोलो कागदातल्या टाचेमागे आपला अंगठा ठेवायचे आणि तेवढं मोठं माप घ्यायचे. जहाज पोचेपर्यंत पाय वाढतो. मी अंगठा ठेवला. माझा अंगठा बारीक आहे. लोलोंचा केवढा होता, ते मी डोळे मिटून आठवू लागले. आठवेना. इतक्या वेळा बघितलेला अंगठा. तिथे मला पहिल्यांदा रडू आलं. विक्रेतीने कागदी रुमाल पुढे केला आणि म्हणाली, "मोठाच घ्या. लहान कधीच घेऊ नका." मी लाल रंगाचा घेतला.

अंत्यविधीची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली होती. म्हणजे लोलोंच्या आधी खोकं निघणार होतं.

शनिवारी दहाला गाडी आली. चालक फिलिपिन्सचाच, तरुण. त्याने वर बघून हाक मारली, "लोलो! खोकं तयार?"

मारिविक खाली गेली. त्याला सांगितलं. त्याने टोपी काढली. मग त्याने आणि कपिलने खोकं उचललं. उचलताना दोघांच्याही तोंडून एकदमच "बापरे" निघालं, प्रत्येकाच्या आपापल्या भाषेत.

"पाठवणाऱ्याचं नाव?" चालकाने कागद पुढे केला.

मारिविकने पेन घेतलं. 'क्रिसान्तो'मधलं पहिलं अक्षर लिहिलं. थांबली. ते खोडलं आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलं, नीट, सरकारी अक्षरात.

गाडी सुरू झाली. कोपऱ्यापर्यंत गेली. तेवढ्यात मारिविक घरातल्या चपलांनिशी तिच्यामागे धावली. हात वर करून ओरडत, जर्मनमध्ये, इंग्रजीत, आणि जी अर्धी येते त्या भाषेतही. गाडी थांबली.

ती परत आली, तेव्हा पुढच्या वर्षीचं रिकामं, घडी केलेलं खोकं तिने डोक्यावर धरलं होतं.

"बघतेस काय?" ती म्हणाली. "दार धर."